गाडीच्या डॅशबोर्डवरचे बाहेरचे तापमान कितपत खरे मानावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान ४७ अंश सेल्सिअस दिसते. त्याच वेळी फोनवरचे हवामानाचे अ‍ॅप ३९ दाखवते, आणि मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवल्यावर डॅशबोर्डवरचा आकडा ४१ वर येऊन थांबतो. गॅरेजमध्ये सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे आणि तो मानावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. सेन्सर बिघडला आहे का, हा एक. सेन्सर धडधाकट असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचलेली हवा खरोखर ‘बाहेरची’ हवा होती का, हा दुसरा. गाड्यांच्या विद्युत यंत्रणेची दुरुस्ती करताना माझ्याकडे अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतात. सेन्सर मात्र पहिल्या प्रकारात मोडल्यासारखा बदलला जातो, कारण सुटा भाग बदलणे सोपे असते आणि कारण समजावून सांगणे वेळखाऊ असते. आपण दिलेल्या वर्णनावरून आपला सेन्सर ठीक असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. गाडी चालू लागल्यावर आकडा ४७ वरून ४१ वर उतरला आणि तिथे स्थिर राहिला, हेच त्याचे मुख्य लक्षण आहे. तरीही प्रत्येक कंपनीची आणि मॉडेलची आखणी वेगळी असते, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातील तपशील आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावेत.

सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या आवरणात बसवलेला एक थर्मिस्टर असतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांपासून तो बनवतात आणि तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. हा उलटा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला होता. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, तर थर्मिस्टरचा रोध दर अंशाला ४ ते ५ टक्के घटतो. इतका मोठा फरक साध्या विद्युत मंडलानेही सहज मोजता येतो, म्हणून हा स्वस्त भाग गाडीत कूलंटपासून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून) केबिनपर्यंत अनेक ठिकाणी वापरला जातो.

एक नेहमीचा प्रकार उदाहरणादाखल घेऊ. त्याचा रोध २५ अंशांना १०,००० ओहम, शून्य अंशाला सुमारे ३३,६०० ओहम आणि ४० अंशांना सुमारे ५,३०० ओहम असतो. कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, एका ठरावीक रोधकातून त्याला ५ व्होल्ट पुरवते आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज वाचते. तो रोधकही १०,००० ओहमचा धरला, तर २५ अंशांना २.५ व्होल्ट, शून्याला ३.८५ आणि ४० अंशांना १.७३ व्होल्ट मिळतात. एका अंशामागे व्होल्टेजमध्ये पडणारा फरक इतका ठळक असतो, की कंट्रोल युनिटला अंशाचा दहावा भागही ओळखता येतो. अचूकतेची अडचण मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सहसा नसते, ती सेन्सरच्या जागेत आणि आजूबाजूच्या परिस्थितीत असते.

ही जागा बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या आत किंवा जाळीच्या मागे, कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि रेडिएटर (इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा भाग) यांच्या पुढे असते. धावत्या गाडीसाठी ती उत्तम आहे, कारण इंजिनाच्या उष्णतेचा स्पर्श न झालेली ताजी हवा तिथेच पहिल्यांदा येते. उभ्या गाडीसाठी मात्र तीच जागा सर्वांत वाईट ठरते. वरून ऊन बंपर तापवते, खालून डांबर तापवते (कडक उन्हात डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत सहज जातो) आणि मागून कंडेन्सर व रेडिएटरची उष्णता येते. शिवाय रेडिएटरचा पंखा चालू असेल, तर मागे टाकलेली गरम हवा बंपरच्या कडेने वळून पुन्हा पुढे येऊ शकते. ही हवा वळू नये म्हणून बंपर आणि रेडिएटर यांच्यामध्ये रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. धडकेनंतरच्या दुरुस्तीत त्या परत बसवायच्या राहून जातात. मग सिग्नलवर उभे राहिले की तापमानाचा आकडाही चढतो आणि एसीही मंदावतो. या दोन तक्रारी एकत्र आल्या, तर मी सेन्सरकडे बघण्याआधी त्या पट्ट्या शोधतो.

काही गाड्यांत हा सेन्सर बाजूच्या आरशाच्या घराखाली बसवलेला असतो. तिथे इंजिनाचा त्रास कमी होतो आणि रस्त्यापासूनची उंचीही वाढते, पण एका बाजूने ऊन लागण्याचा धोका उरतोच. अशा गाडीत आरसा फुटल्यावर स्वस्तातला पर्यायी आरसा बसवला आणि त्यात सेन्सरच नसला, तर डॅशबोर्डवर केवळ आडव्या रेघा दिसू लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण आपल्या ४७ अंशांचे उत्तर इथे आहे. डॅशबोर्डवर दिसतो तो सेन्सरने त्या क्षणी दिलेला कच्चा आकडा बहुधा नसतोच. उभ्या गाडीत सेन्सर फसतो हे गाडी बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे कच्चा आकडा दाखवायचा की नाही हे ठरवणारे नियम कंट्रोल युनिटमध्ये घातलेले असतात. सर्वसाधारण नियम असा, की मोजलेले तापमान उतरत असेल तर ते लगेच किंवा थोड्याच वेळात मान्य करायचे. ते चढत असेल, तर गाडीने ठरावीक वेग गाठून तो काही वेळ टिकवल्याशिवाय मान्य करायचे नाही, आणि मान्य केले तरी हळूहळू चढवायचे. वेगाची ही मर्यादा काही गाड्यांत ताशी वीस-तीस किलोमीटरच्या आसपास असते, काहींत त्याहून जास्त.

चढ आणि उतार यांना अशी वेगवेगळी वागणूक देण्यामागे चांगला विचार आहे. ऊन, डांबर, रेडिएटर, पुढच्या ट्रकचा धूर ही सेन्सरला चकवणारी जवळजवळ सगळी कारणे आकडा वरच ढकलतात. चुकून खाली ढकलणारी कारणे फार थोडी आहेत. पावसाचे पाणी सेन्सरवर उडून ते वाळताना होणारा किंचित गारवा हे त्यांतले एक. त्यामुळे दोन वाचनांपैकी कमी असलेले वाचन सत्याच्या जवळ असण्याची शक्यता अधिक असते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. हवा शून्याकडे जात असताना आकडा उशिरा उतरला, तर बर्फाचा इशाराही उशिरा मिळेल. हवा तापत असताना आकडा उशिरा चढला, तर फारसे बिघडत नाही.

इंजिन बंद केल्यानंतरची गोष्ट आणखी रंजक आहे. गरम इंजिनाची उष्णता थांबलेल्या गाडीत पुढेपर्यंत झिरपते आणि अर्ध्या-पाऊण तासात सेन्सर खऱ्या हवेपेक्षा बराच गरम होतो. म्हणून इंजिन बंद करताना शेवटचा ग्राह्य आकडा साठवून ठेवला जातो. पुन्हा इग्निशन चालू करताना कंट्रोल युनिट कूलंटचे तापमान किंवा मध्ये गेलेला वेळ तपासते. इंजिन अजून गरम असेल, तर सेन्सरवर विश्वास न ठेवता साठवलेला आकडाच दाखवला जातो. इंजिन पूर्ण थंड झालेले असेल, तर आता सेन्सरला चकवणारी उष्णता उरलेली नाही असे गृहीत धरून कच्चा आकडा जसाच्या तसा घेतला जातो.

आपली गाडी नेमकी या गृहीतकात सापडली असावी. ती कित्येक तास उभी होती, इंजिन निवलेले होते, त्यामुळे संरक्षणाचा नियम लागू झाला नाही, पण बंपर मात्र उन्हाने तापलेला होता. इंजिनाची उष्णता ओळखायला कूलंटचा सेन्सर आहे. उन्हाची उष्णता ओळखायला या कामासाठी बहुतेक गाड्यांत काहीच वापरलेले नसते. म्हणून ४७ हा आकडा त्या क्षणी बंपरच्या आतल्या हवेसाठी बरोबर असू शकतो आणि बाहेरच्या हवेसाठी चुकीचा. गाडी धावू लागली, ताजी हवा आली, आकडा उतरू लागला आणि उतरत्या आकड्याला अडवणारा नियम नसल्याने तो खऱ्या हवेशी जुळला.

याच नियमांमुळे उलट प्रकारची तक्रारही येते. थंडगार तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडल्यावर रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी चालत असेल, तर डॅशबोर्ड बराच वेळ तळघराचेच तापमान दाखवत राहतो. तिथेही सेन्सर बरोबर वाचत असतो, पण वेगाची अट पुरी न झाल्याने त्याचे वाचन स्वीकारले जात नाही. चांगल्या स्कॅनरवर (कंट्रोल युनिटमधले आकडे वाचणाऱ्या उपकरणावर) अनेक गाड्यांमध्ये मोजलेले तापमान आणि दाखवलेले तापमान असे दोन वेगळे आकडे वाचता येतात. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की ही सगळी चाल डोळ्यांसमोर उलगडते.

राहिले फोनवरचे ३९ अंश. तो आकडा आपल्या गाडीशेजारी मोजलेला नसतो. जवळच्या हवामान केंद्राची नोंद आणि संगणकीय प्रारूपाचा अंदाज यांच्या आधारे तो एका विस्तृत परिसरासाठी काढलेला असतो. हवामान केंद्रातला तापमापक जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, मोकळ्या जागी, पांढऱ्या झडपांच्या पेटीत सावलीत ठेवतात. ही पेटी स्कॉटलंडमध्ये दीपगृहे बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. आपला सेन्सर तापलेल्या डांबरापासून हात-दीड हात उंचीवर असतो आणि तिथली हवा दुपारी खरोखरच अधिक गरम असते. त्यामुळे ३९ आणि ४१ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि दोहोंतल्या दोन अंशांच्या फरकासाठी कोणताही भाग बदलू नये.

मग नेमकी किती अचूकता अपेक्षित ठेवावी? थर्मिस्टरची स्वतःची चूक साधारण अर्धा ते एक अंश असते. आकडा अर्ध्या किंवा पूर्ण अंशाने गोल केला जातो, त्यात आणखी थोडी भर पडते. सलग, मोकळ्या रस्त्यावर वेगात धावणाऱ्या गाडीत एकूण एक-दोन अंशांच्या आत उत्तर मिळाले, तर यंत्रणा चोख आहे असे मी मानतो. वाहतूक कोंडीत चार-पाच अंशांचा फरक मला खटकत नाही. उन्हात उभ्या गाडीतल्या पहिल्या आकड्याला तर मी विचारातच घेत नाही.

खऱ्या बिघाडाची लक्षणे यापेक्षा वेगळी दिसतात. तार तुटली किंवा प्लग निघाला, तर रोध जणू अनंत होतो आणि कंट्रोल युनिटला कडाक्याच्या थंडीचा भास होतो. तेव्हा उणे ४० किंवा नुसत्या रेघा दिसतात. उणे ४० हाच आकडा येण्याचे एक कारण असे, की ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या बिघाड-निदान यंत्रणेच्या, प्रमाणित संकेतात हे तापमान ० ते २५५ अशा एका बाइटात पाठवतात आणि त्यातून ४० वजा करून वाचतात, म्हणजे शून्य आले की उणे ४०. तारा एकमेकींना चिकटल्या, तर उलट अशक्य वाटावे इतके उच्च तापमान येते. असे बिघाड कंट्रोल युनिट स्वतःच पकडते आणि पी००७० ते पी००७४ या गटातला बिघाडाचा कोड नोंदवते, अर्थात प्रत्येक गाडी हा कोड त्याच गटात नोंदवेल असे नाही.

छळणारा बिघाड म्हणजे कनेक्टरमधला गंज, कारण तो कोड न देता आकडा हळूहळू बिघडवतो. समजा, गंजामुळे मंडलात ४०० ओहमची भर पडली. वर दिलेल्या थर्मिस्टरच्या बाबतीत शून्य अंशाजवळ एका अंशाचा फरक पडायला सुमारे १,८०० ओहम लागतात, त्यामुळे थंडीत ही भर जाणवतच नाही. ४० अंशांजवळ मात्र एका अंशाला जेमतेम २१४ ओहम पुरतात, म्हणून तोच गंज उन्हाळ्यात आकडा जवळजवळ दोन अंशांनी खाली ओढतो. ‘हिवाळ्यात बरोबर, उन्हाळ्यात कमी’ अशी तक्रार आली, की मी प्रथम प्लग काढून त्यातल्या पिना भिंगाखाली पाहतो. हिरवट थर दिसला, तर तो साफ करणे किंवा कनेक्टर बदलणे एवढ्यावर काम भागते. प्लगमध्ये पाणी शिरले, तर दोन्ही पिनांमध्ये पाण्यातून गळती होते, रोध कमी भासतो आणि आकडा वर जातो. आकडा पावसानंतर बिघडून दोन दिवसांनी आपोआप सुधारत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

बंपरच्या दुरुस्तीनंतर सेन्सर आपल्या क्लिपमध्ये न बसवता तारेवर लोंबकळत सोडलेला असणे, हे मला वारंवार दिसणारे आणखी एक कारण आहे. लोंबकळणारा सेन्सर हलत हलत कंडेन्सरला जाऊन टेकला, की एसी चालू असताना नेहमी जास्त तापमान दाखवतो, गाडी कितीही वेगात असली तरी. आपल्या गाडीचा बंपर कधी उतरवला असेल, तर विजेरी घेऊन जाळीतून एकदा डोकावून पाहावे.

घरच्या घरी करण्यासारखी सर्वांत भरवशाची तपासणी पहाटेची आहे. गाडी रात्रभर सावलीत किंवा छपराखाली उभी ठेवावी आणि ऊन येण्यापूर्वी इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करून स्कॅनरवर तीन आकडे वाचावेत: बाहेरचे तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान आणि कूलंटचे तापमान. रात्रभरात सगळी गाडी एकाच तापमानाला आलेली असते, त्यामुळे हे तीन स्वतंत्र सेन्सर एकमेकांपासून दोन-तीन अंशांच्या आत असायला हवेत. तिघांपैकी दोन जुळले आणि बाहेरचा एकटाच पाच-सहा अंशांनी फटकून राहिला, तरच सेन्सर किंवा त्याची वायरिंग यांवर संशय घ्यावा. बॅटरी तापवणारी किंवा चार्जिंगला लावलेली विद्युत गाडी असेल, तर ही तुलना तितकी स्वच्छ राहत नाही.

संशय बळावला, तर सेन्सर काढून त्याचा रोध मोजता येतो. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र ढवळले, की शून्य अंशाचे खात्रीचे माप तयार होते. सेन्सर पातळ पिशवीत गुंडाळून त्यात पाच-दहा मिनिटे बुडवावा आणि मल्टीमीटरवरचा आकडा मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवावा. मोजताना मल्टीमीटरच्या दोन्ही टोकांना बोटे लागू देऊ नयेत. शून्य अंशाला वर दिलेल्या थर्मिस्टरचा रोध तीस हजार ओहमच्या वर असतो, आणि ओल्या बोटांमधून जाणारा प्रवाह तो आकडा खाली आणून चांगल्या सेन्सरला वाईट ठरवू शकतो.

इतके करूनही बदलायची वेळ आलीच, तर आपल्या गाडीच्या पार्ट नंबरचाच सेन्सर घ्यावा. दिसायला तंतोतंत सारखे आणि २५ अंशांना तेच १०,००० ओहम दाखवणारे दोन सेन्सर पुढे वेगवेगळ्या वक्रांवर चालू शकतात, म्हणजे तापमानानुसार त्यांचा रोध कमी-अधिक वेगाने बदलू शकतो. मंद उताराचा सेन्सर तीव्र उताराची अपेक्षा करणाऱ्या गाडीत बसवला, तर २५ अंशांना सगळे बरोबर दिसते, पण ४० अंशांच्या हवेत ३८ आणि शून्य अंशाच्या हवेत चक्क ३ असे आकडे येऊ शकतात. गॅरेजमधल्या सावलीत तपासून ‘ठीक आहे’ म्हणून दिलेल्या गाडीत ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

या आकड्यावर केवळ आपली उत्सुकता अवलंबून असती, तर इतके खोलात जाण्याचे कारण नव्हते. स्वयंचलित एसी याच आकड्यावरून किती थंड करायचे हे ठरवतो, आणि बाहेर गोठणबिंदूजवळची थंडी आहे असे वाटले तर बऱ्याच गाड्या काँप्रेसर चालूच होऊ देत नाहीत. भर उन्हाळ्यात एसी थंडच करत नाही म्हणून गॅस भरून झाला, काँप्रेसरवर संशय घेऊन झाला आणि शेवटी सेन्सरचा निघालेला प्लग सापडला, असे प्रकार मी पाहिले आहेत. बर्फाचा इशाराही याच आकड्यावर, साधारण ३ किंवा ४ अंशांना वाजतो. मात्र तो हवेचे तापमान सांगतो, रस्त्याचे नव्हे. निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आणि विशेषतः पूल हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात, म्हणून डॅशबोर्डवर २ अंश दिसत असतानाही चाकाखाली बर्फ असू शकतो.

आपल्या बाबतीत मी सध्या सेन्सर बदलणार नाही. पहाटेची तपासणी करून तिन्ही आकडे कळवावेत. सोबत गाडीचे मॉडेल व वर्ष, सेन्सर बंपरमध्ये आहे की आरशात, आणि बंपर किंवा आरसा यांचे काम कधी झाले होते का, हेही लिहावे. तीन आकडे जुळत असतील, तर गॅरेजला सेन्सरऐवजी रेडिएटरभोवतीच्या पट्ट्या जागेवर आहेत का, एवढेच पाहायला सांगावे.